मोठे डॉक्टर कधी येणार?

या सदरासाठी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांची अडचण एकच आहे. वय पुरेसे झाले आहे, शिक्षण आणि अधिकारही आहे. चेहरा मात्र त्यांपैकी काहीच सांगत नाही. ‘वयापेक्षा लहान दिसता’ हे वाक्य समारंभात ऐकायला बरे वाटते, परंतु कामाच्या ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळे तिन्ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्याला जागा अधिक दिली आहे, कारण तेथे प्रश्न केवळ मानापमानाचा नाही, रुग्णाच्या प्रकृतीचाही आहे.

प्रश्न : मी ३२ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी धर्मादाय रुग्णालयात फिजिशियन म्हणून काम करते. मेडिसिनमध्ये एम.डी. होऊन मला चार वर्षे होत आली. माझी उंची पाच फुटांहून थोडी कमी आहे आणि चेहरा असा की एसटीचा कंडक्टर मला अजूनही ‘पास आहे का?’ असे विचारतो. बाह्यरुग्ण विभागात तपासणी झाली, औषधे लिहून झाली, की रुग्ण उठता उठता हमखास विचारतात, ‘बाई, मोठं डॉक्टर कवा येणार?’ शेजारी पन्नाशीच्या सिस्टर उभ्या असतील तर नातेवाईक रिपोर्टची पिशवी माझ्यासमोरून नेऊन त्यांच्या हातात देतात. निदान ऐकण्याआधी माझे लग्न झाले आहे का, याची चौकशी होते. आमचे ज्येष्ठ सर्जन स्वभावाने प्रेमळ आहेत, परंतु फेरीच्या वेळी ‘ही आमची छोटी डॉक्टर’ अशी माझी ओळख करून देतात. मागच्या महिन्यात एका रुग्णाने मी वाढवलेला इन्सुलिनचा डोस ‘मोठ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय’ घेतलाच नाही. साडी नेसून पाहिली, अंबाडा घालून पाहिला, बिननंबरचा चष्माही लावून पाहिला. घरचे म्हणतात, चाळिशीत हेच तुला आवडेल. तोपर्यंत मी काय करावे?
— एक डॉक्टर, सांगली जिल्हा

उत्तर : चाळिशीचा दाखला देणाऱ्यांना तुम्ही उत्तर देत बसला नाहीत, हे उत्तम केले. आज न घेतलेले इन्सुलिन आठ वर्षांनी कामाला येत नाही.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी माणसे आहेत आणि तिघांना एकच उपाय लागू पडणार नाही. रुग्ण विचारतो ते एका कारणाने, रिपोर्टची पिशवी सिस्टरांकडे जाते ती दुसऱ्या कारणाने आणि सर्जनसाहेब ‘छोटी’ म्हणतात ते तिसऱ्याच कारणाने.

रुग्णापासून सुरुवात करू. ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ हा प्रश्न तुम्हाला अविश्वासाचा वाटतो; मला तो अनुभवाचा वाटतो. तुमच्या भागातील बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी कधीतरी मिरजेच्या किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयात राहून आलेले असते. तेथे त्यांनी काय पाहिले, हे आठवा. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून एक वर्षाच्या इंटर्नशिपला आलेली, पांढरा कोट घातलेली तरुण मुले-मुली सर्वांत आधी येतात, नाव-गाव आणि दुखणे लिहून घेतात, रक्त काढतात. मग निवासी डॉक्टर येतात. अखेरीस फेरीच्या वेळी पाचसहा जणांच्या घोळक्यात ‘मोठे डॉक्टर’ येतात आणि निर्णय तेच सांगतात. तरुण चेहरा, गळ्यात स्टेथोस्कोप, म्हणजे माहिती घेणारी व्यक्ती. निर्णय यानंतर होणार, हा धडा त्या रुग्णाने शिक्षण-रुग्णालयाच्या वॉर्डातच गिरवला आहे. तुमच्या समोर बसल्यावर तो तपासणी संपण्याची नव्हे, तर तपासणीचा पुढचा टप्पा सुरू होण्याची वाट पाहत असतो. त्याला हवी असलेली माहिती एवढीच आहे की, माझ्या औषधाचा निर्णय कोण घेणार.

ही माहिती त्याने विचारल्यावर द्यायची नसून तो खुर्चीत बसताक्षणी द्यायची आहे. ‘नमस्कार. मी डॉक्टर अमुक, या रुग्णालयाची फिजिशियन. तुमची साखर आणि रक्तदाब मीच पाहणार आहे आणि औषधही मीच ठरवणार आहे.’ इतकी वाक्ये पुरतात. त्यांत पदव्यांची माळ नको, महाविद्यालयाचे नाव नको आणि ‘मी लहान दिसत असले तरी’ ही प्रस्तावना तर मुळीच नको, कारण जो विषय रुग्णाच्या मनात कदाचित आलाही नसेल तो तुम्ही स्वतः त्याच्या पुढ्यात ठेवता. स्वतःची ओळख करून देणे ही गोष्ट साधी असली, तरी डॉक्टरमंडळी ती सर्रास टाळतात. केट ग्रेंजर या ब्रिटिश वृद्धरोगतज्ज्ञ स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा उपचार करणाऱ्यांपैकी अनेक जण आपले नावदेखील सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. २०१३ साली त्यांनी ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती ब्रिटनच्या रुग्णालयांत सर्वदूर पोहोचली होती. त्यांचा हेतू रुग्णाला माणूस म्हणून वागवण्याचा होता. तुमच्या बाबतीत तेच वाक्य दुसरेही काम करील.

त्यानंतरही प्रश्न आलाच, तर चेहऱ्यावर नाराजी न आणता ‘मोठी डॉक्टर मीच आहे, आजोबा’ असे सांगून लगेच कामाकडे वळा. कामाकडे वळण्याचा अर्थ येथे मी जरा तपशिलाने सांगते, कारण विश्वास प्रत्यक्षात तेथेच बसतो. रुग्णाला आत बोलावण्यापूर्वी त्याची जुनी फाइल वाचून ठेवा आणि पहिला प्रश्न तिच्यातून काढा : ‘दिवाळीनंतर तुमची उपाशीपोटीची साखर २८० होती, ती खाली आल्यावर संध्याकाळची गोळी कोणी बंद केली?’ मधुमेही रुग्णाला चपला काढायला सांगा. पाय हातात घ्या, बोटांच्या बेचक्या पाहा, डोळे मिटायला सांगून तळव्याला स्पर्शज्ञान तपासण्याचा नायलॉनचा तो बारीक तंतू टेकवा आणि ‘आता कळले का? आणि आता?’ असे विचारा. वर्षानुवर्षे साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी रुग्णांचे तळवे आजवर कोणीही तपासलेले नसतात. ज्या डॉक्टरने आपल्या भेगाळलेल्या टाचेला हात लावला तिचे वय काय, हा प्रश्न त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात मग फार काळ टिकत नाही. तपासणी तर तशीही करावयाचीच आहे. ती घाईने आणि मूकपणे करण्याऐवजी रुग्णाला कळेल अशा रीतीने करा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तरुण दिसणाऱ्या डॉक्टरांना आणखी एक भीती असते : ‘मला विचारून सांगावे लागेल’ असे म्हटले तर उरलेला मानही जाईल, म्हणून त्या वेळ मारून नेतात. हे करू नका. ‘तुमच्या ईसीजीत एक शंका आहे. मी आज दुपारी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलते आणि उद्या सकाळी अकरा वाजता तुम्हाला सांगते,’ असे म्हणा, आणि अकरा वाजता सांगा. वेळ पाळलीत तर ही कबुली तुमच्या बाजूने जमा होते. पाळली नाहीत, तर मात्र तुमच्या वयाचा उद्धार होणार, हे धरून चाला.

आता रिपोर्टच्या पिशवीकडे येऊ. ती सिस्टरांच्या हातात जाण्यामागे वय आहेच, परंतु केवळ वय नाही, हे आडपडदा न ठेवता लिहिले पाहिजे. तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच कोवळ्या चेहऱ्याचा पुरुष डॉक्टर त्या खोलीत उभा असता, तर त्याला फार तर ‘छोटे डॉक्टर’ म्हटले गेले असते. त्याला परिचारक कोणी समजले नसते. बाई दिसली की सिस्टर, ही समजूत जुनी आहे. (परिचारिका समजले जाण्यात अपमान नाही, हे तुम्हालाही मान्य असेल. अडचण आहे ती निर्णय कोणाचा, हा गोंधळ होण्यात.) आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम.डी. पदवी मिळवली तेव्हा त्यांना २१ वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि तुमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. आजाराने त्यांना ते काम करू दिले नाही, ही गोष्ट वेगळी. एका संस्थानाला जे १८८६ साली सुचले, ते तुमच्या रुग्णालयाच्या नोंदणी-खिडकीवर आज सुचायला हरकत नाही. केसपेपर काढतानाच तेथील कर्मचाऱ्याने ‘तुम्हाला डॉक्टर अमुक मॅडम तपासतील, त्या मधुमेह-रक्तदाबाच्या तज्ज्ञ आहेत’ असे सांगावे. सिस्टरांशी तुमचे संबंध चांगले असतील तर त्यांनाही सांगा : पिशवी हातात आली की ती न उघडता ‘डॉक्टर, यांचे रिपोर्ट’ असे म्हणून तुमच्याकडे द्यावी. पन्नाशीच्या अनुभवी सिस्टरांनी सर्वांसमोर तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणणे तुमच्या दारावरच्या पाटीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

पाटीही हवीच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावणे आणि औषधचिठ्ठीवर लिहिणे आवश्यक असते. कायद्यासाठी लावायची ती पाटी रुग्णासाठी उपयोगी का करू नये? ती मराठीत असावी, अक्षरे ठळक असावीत आणि ती दाराच्या चौकटीवर न लावता बाकावर बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल इतक्या उंचीवर असावी.

सर्जनसाहेबांशी मात्र तुम्हालाच बोलावे लागेल, आणि ते फेरीत किंवा इतरांसमोर नव्हे. ‘मला वाईट वाटते’ असे सांगितलेत तर ते हसून ‘अगं, कौतुकाने म्हणतो’ म्हणतील आणि बोलणे तेथेच संपेल. त्यांना इन्सुलिनचा प्रसंग सांगा. ‘सर, तुम्ही मला छोटी म्हणता त्यामागचे प्रेम मला समजते, परंतु रुग्ण त्याचा अर्थ असा घेतात की माझे औषध कच्चे आहे आणि पक्के औषध तुम्ही सांगणार आहात. या रुग्णाने चार दिवस डोस घेतला नाही. तुम्ही फिजिशियन म्हणून माझी ओळख करून दिलीत, तर तुमच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची साखरही वेळेवर ताब्यात येईल.’ दिवस किती गेले ते फाइल पाहून अचूक सांगा. शस्त्रक्रियेआधीच्या साखरेची चिंता असलेल्या सर्जनला ही भाषा लगेच कळते.

कपड्यांविषयी थोडक्यात. बिननंबरचा चष्मा काढून ठेवा. तो कोणालाही फसवत नाही आणि तुम्हाला मात्र दिवसभर आठवण करून देतो. साडी आवडत असेल तर नेसा, वय वाढवण्यासाठी नेसू नका. पांढरा कोट ठेवा. अमेरिकेतील दहा शिक्षण-रुग्णालयांत चार हजारांहून अधिक रुग्णांना विचारून केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत औपचारिक पोशाखावर पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरांना रुग्णांनी सर्वाधिक पसंती दिली होती. मात्र इंटर्नच्या आणि तुमच्या कोटात फरक दिसावा म्हणून खिशावर नाव आणि ‘फिजिशियन’ असे मराठीत भरून घ्या.

राहिला प्रश्न तुमच्या स्वतःच्या मनाचा. लोक सारखे शंका घेऊ लागले की माणूस स्वतःही शंका घेऊ लागतो आणि तुमच्या पत्राच्या स्वरात ती थोडी जाणवली. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या, ६५ वर्षांवरील रुग्णांच्या सात लाखांहून अधिक नोंदी त्यात तपासल्या होत्या. दाखल झाल्यापासून ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण, चाळिशीच्या आतील डॉक्टरांकडे असलेल्या रुग्णांत १०.८ टक्के होते, तर साठी गाठलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत १२.१ टक्के. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे : जे डॉक्टर वर्षभरात भरपूर रुग्ण पाहतात त्यांच्यात वयानुसार असा फरक आढळला नाही. म्हणजे हात चालता राहणे महत्त्वाचे, आणि तुमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता त्याची तुम्हाला वानवा नाही. ही आकडेवारी रुग्णांना किंवा सर्जनसाहेबांना ऐकवण्यासाठी नाही. ती तुमच्यासाठी आहे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून यवतमाळ जिल्ह्यात एका बँकेच्या ग्रामीण शाखेचा व्यवस्थापक आहे. माझ्या दाढीमिशा विरळ आणि अंगकाठी किरकोळ असल्यामुळे ग्राहक केबिनमध्ये डोकावून ‘साहेब कुठं गेले?’ असे मलाच विचारतात आणि ५७ वर्षांच्या हेड कॅशियरना ‘साहेब’ म्हणतात. वचक बसावा म्हणून मी कर्मचाऱ्यांशी मोजके बोलू लागलो, आवाजही चढवू लागलो. आता ग्राहक तसेच आहेत आणि कर्मचारी माझ्याशी कामापुरतेही बोलत नाहीत. काय चुकले?
— एक बँक अधिकारी

उत्तर : आवाज चुकला. तो आजपासून खाली आणा, आणि त्याविषयी कर्मचाऱ्यांची सभा घेऊन भाषण करू नका. दोन आठवड्यांत त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

ग्रामीण शाखेत साहेब कोण, हे गावाला एका खरीप हंगामात कळते. पीककर्जाच्या गर्दीत शेतकऱ्याला कोणाच्या मिशा किती दाट आहेत, याच्याशी कर्तव्य नसते. आपला कागद कोणामुळे पुढे सरकला आणि कोणामुळे अडला, हे तो बरोबर लक्षात ठेवतो. सातबारा आणला तर आठ-अ हवा, आठ-अ आणला तर दुसऱ्या बँकेचा नो-ड्यूज हवा, अशा तिसऱ्या हेलपाट्याला तुम्ही त्याला लावलेत, तर तुम्ही पन्नाशीचे दिसत असतात तरी मान मिळाला नसता. लागणाऱ्या सर्व कागदांची यादी एका चिठ्ठीवर छापून घ्या, पहिल्याच भेटीत ती स्वतः समजावून द्या आणि खाली तुमची सही करा. गर्दीच्या दिवसांत तास-दोन तास केबिन सोडून बाहेरच्या टेबलावर बसा. ‘साहेब कुठे गेले?’ असे कोणी विचारलेच, तर ‘बोला, मीच’ एवढे पुरे.

हेड कॅशियरांना काय म्हणावे, हे तुम्ही विचारलेले नाही, परंतु अडचण बहुधा तेथूनच सुरू झाली असावी. वयाने थोर असलेल्या चांगदेवांना ज्ञानाने थोर असलेल्या कोवळ्या ज्ञानदेवांसाठी पत्राचा मायना सुचेना, म्हणून त्यांनी कागद कोराच पाठवला, अशी कथा आहे. तुम्हीही अबोला धरून तेच करीत आहात. फरक इतकाच की उत्तर लिहिणारे ज्ञानदेव तुमच्या शाखेत कोणी नाहीत. कॅशियरांना आडनावापुढे ‘साहेब’ लावून हाक मारा. ‘काका’ म्हणू नका, कारण काकांना कामातील चूक दाखवता येत नाही आणि ती तुम्हाला कधीतरी दाखवावी लागेल. तिजोरी उघडायला तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्याही किल्ल्या लागतात. रोज सकाळच्या त्या वेळेत गावातील जुन्या खातेदारांविषयी त्यांना विचारत जा : कोणते घर कर्ज फेडणारे, कोणाच्या दोन भावांत वाटणीचा वाद आहे. ही माहिती कोणत्याही संगणकात नसते. आणि ग्राहकांनी त्यांना ‘साहेब’ म्हटले तर म्हणू द्या. तीसपस्तीस वर्षांच्या नोकरीने त्यांनीही ते कमावले आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत १७ वर्षे काम करीत आहे. सगळे मला तिशीची समजतात आणि कौतुक करतात. मात्र बढतीचा विषय निघाला की नवे वरिष्ठ म्हणतात, ‘तुझ्याकडे अजून भरपूर वेळ आहे.’ माझ्यानंतर रुजू झालेले दोघे जण पुढे गेले. वय सांगत सुटणे बरे दिसेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वय सांगू नका, वर्षे सांगा. डेन्मार्कमधील सत्तरीपुढच्या १,८२६ जुळ्यांवरील एका अभ्यासात, जुळ्यांपैकी जो वयाने मोठा दिसतो तो आधी दगावण्याची शक्यता अधिक, असे २००९ साली आढळले होते. तेव्हा तरुण दिसण्याचा लाभ पुढे केव्हातरी होईलही, परंतु तो बढतीच्या पत्रकात धरला जात नाही.

तुमच्या नव्या वरिष्ठांनी तुमची सेवापुस्तिका उघडून पाहिलेली नसावी आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधला असावा. त्यांना एका पानाचे लेखी निवेदन द्या. त्यात रुजू झाल्याचे वर्ष, प्रत्येक प्रकल्पात सांभाळलेली जबाबदारी, हाताखाली असलेल्या माणसांची संख्या आणि सध्याच्या पदावर काढलेली वर्षे, एवढेच असावे. पुढे गेलेल्या दोघांची नावे घालू नका; त्या पदासाठी किती वर्षांचा अनुभव आणि कोणते काम अपेक्षित आहे, हे लेखी विचारा. ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य पुन्हा आले, तर शांतपणे विचारा : ‘किती वेळ, आणि त्या अवधीत मी कोणते काम पूर्ण केलेले तुम्हाला पाहायचे आहे?’ मिळालेले उत्तर त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून कळवा. हे सारे वार्षिक मूल्यमापनाच्या किमान दोन महिने आधी करा, कारण नावे बहुधा बैठकीपूर्वीच ठरलेली असतात.